डेकोरा (आयोवा): जूनमध्ये दोन दिवस, आई-बाबा आणि १० वर्षांची मुलगी सोबत

रोचेस्टरकर: मिनेसोटातल्या रोचेस्टरहून शनिवार-रविवार डेकोराला जायचं ठरतंय. मुलीला आणि मला सायकल चालवायची आहे. बाबांना गुडघ्यांमुळे चढ झेपत नाही. ट्राउट रन ट्रेल ही सायकलची वाट पूर्ण होईल का? नदीवर कनू (वल्ह्यांची छोटी होडी) सुरक्षित आहे का? आणि बर्फाच्या गुहेत जूनमध्ये खरंच बर्फ असतो का?

सायकलवेडा: ट्रेल ११ मैलांचा, पक्का आणि गावाभोवती गोल फिरून परत येणारा आहे. पण तो सगळा सपाट समजू नका. नदीकाठचा भाग मुलगी आरामात चालवेल. शेतांमधल्या टेकडीवर मात्र नागमोडी वळणांचा चढ आहे आणि त्याहून अवघड त्याचा उतार. वळणं अगदी आखूड आहेत, त्यामुळे ब्रेक वळणाआधीच लावायचा. वळणात शिरून दाबला तर चाक घसरतं. निघण्यापूर्वी मुलीच्या सायकलचे दोन्ही ब्रेक तपासा. गियर नसलेली सायकल असेल तर नदीकाठानं जाऊन तसंच परत या.
वाटेत ट्राउट माशांची हॅचरी (पैदास केंद्र) लागते. आई-बाबांना तिथे थेट गाडीनं आणता येईल, भेटायला ती जागा उत्तम. गळ टाकणार असाल तर लायसन्सबरोबर ट्राउटचं वेगळं शुल्कही भरावं लागतं.

काठावरून: अप्पर आयोवा नदीवर केंडलव्हिल ते ब्लफ्टन हा टप्पा घ्या, चुनखडीचे उंच कडे तिथेच आहेत. कनू देणारे लोक वर सोडतात आणि खालून परत आणतात. आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊच नका. वाहून आलेली झाडं वळणावर अडकतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, पण कनू तिथेच अडकून उलटते. उलट पाणी फार कमी असेल तर उथळ जागी उतरून ती ओढावी लागते. लाइफ जॅकेट सगळ्यांनी अंगात घालायचं, कनूत नुसतं ठेवायचं नाही.

चुनखडी: हो, गुहेत जूनमध्ये बर्फ असतो. हिवाळ्यात खडक आतपर्यंत गारठतो. वसंतात वितळलेलं पाणी भेगांमधून झिरपत त्याला लागलं की भिंतीवर गोठतं. म्हणून थंडी सरल्यावर गुहेत बर्फ वाढतो, आणि उन्हाळा संपत आला की जातो. स्वेटर, टॉर्च आणि पकड असलेले बूट हवेत, जमीन निसरडी असते.
बाबांना गुहेत नेऊ नका. त्यांच्यासाठी डनिंग्ज स्प्रिंग: धबधबा खालूनच छान दिसतो, पायऱ्या चढायची गरज नाही. पाऊस आला तर वॉटर स्ट्रीटवरचं व्हेस्टरहाइम, नॉर्वेहून आलेल्यांचं संग्रहालय. गावातलं ल्यूथर कॉलेजही नॉर्वेजियनांनीच १८६१ मध्ये स्थापलेलं, त्यामुळे आधी संग्रहालय पाहिलं की गाव जास्त कळतं.

सायकलवेडा: एक राहिलं. ट्रेलच्या कडेला कमरेएवढी, पिवळ्या छत्रीसारख्या फुलांची झाडं दिसतील: जंगली पार्सनिप. मुलीला तोडू देऊ नका. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो भाग दोन दिवस झाकून ठेवा. गवतात बसलात तर संध्याकाळी गुडघ्यांमागे आणि केसांत गोचीड शोधा.