उत्तर: दोन शेपट्या असल्या तरी स्टोनफ्लाय नाही

हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन खोऱ्यातल्या ओढ्यात सापडलेल्या किड्याचा फोटो टाकून वर विचारलंय, की मेफ्लायच्या (पिल्लं पाण्यात वाढणारा एक कीटक) पिल्लाला तीन शेपट्या असतात, मग याला दोनच कशा, हा स्टोनफ्लाय (असाच, पण दोन शेपट्यांचा दुसरा कीटक) तर नाही? हा एपिओरस आहे, म्हणजे मेफ्लायचाच एक प्रकार, आणि या प्रजातीसमूहाला दोनच असतात. खात्री पायांवरून करा: प्रत्येक पायाला एकच नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. शिवाय पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या सात जोड्या दिसतील.

अंग चपटं, डोकं ढालीसारखं. धारेतल्या दगडाला तो चिकटून राहतो आणि वरचं शेवाळ खरवडून खातो. गाळ बसलेल्या दगडावर सहसा सापडत नाही.

तुम्ही बाटलीत भरलेली पिल्लं तासाभरात मेली, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून वाईट वाटलं. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना जेमतेम ८. त्यात कल्ले हलवून पाणी खेळवणं याला नीट जमत नाही, वाहतं पाणीच लागतं. तेव्हा घरी नेऊ नका. पाणी वाहत जातं त्या बाजूला, दगडाच्या पुढे जाळी धरा, दगड उचला, पिल्लू मऊ ब्रशने पांढऱ्या ताटलीत उतरवा, फोटो काढून लगेच सोडा. चिमट्याने पाय आणि कल्ले तुटतात. दगड होता तसाच, त्याच जागी ठेवा.

आणखी एक विलक्षण गोष्ट: पंख फुटायच्या वेळी बहुतेक मेफ्लाय पृष्ठभागावर येऊन कात टाकतात, एपिओरस मात्र पाण्याखालीच टाकतो आणि पंखांसह वर येतो. पंख फुटल्यावरही त्याला आणखी एकदा कात टाकावी लागते.