नेट गेलं की घर मुकं होतं. क्लाउड (कंपनीचा इंटरनेटवरचा सर्व्हर) सोडून सगळं घरातल्या घरात कसं चालवावं?

वळचण

ठाण्यात २ बीएचके. बोर्डामागे बसवलेली ११ वाय-फाय रिले मॉड्यूल (ॲपवरून चालू-बंद होणारे खटके, स्वस्तातली, क्लाउडवाल्या ॲपची), गिझरला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग, एसीसाठी ब्रॉडलिंकचा आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे इशारे सोडणारा डबा) आणि दोन कॅमेरे. पावसात फायबर तुटली की भिंतीवरची बटणं तेवढी चालतात. ॲप, सूर्यास्ताचा दिवा, व्हॉइस, सगळं ठप्प.

रास्पबेरी पाय ४ (४ जीबीचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) पडून आहे, त्यावर होम असिस्टंट (घरातच चालणारं, सगळी उपकरणं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकायचा विचार आहे. आहे ते सामान ठेवता येईल का? नवीन घ्यायचं झालं तर झिगबी (स्मार्ट उपकरणांचं वाय-फायहून वेगळं वायरलेस जाळं) की वाय-फाय? बाहेरून बघायची सोय राहते का? न्यूट्रल सगळ्या बोर्डांत आहे, फक्त बेडजवळच्या टू-वे बटणाच्या (एकच दिवा दोन जागांवरून लावायच्या) बॉक्समध्ये नाही.

खटका

लगेच काही उपटू नका. आधी नेट तोडून चाचणी घ्या, म्हणजे कुठलं सामान खरंच क्लाउडवर अडलंय ते कळेल. राउटर बंद करायचा नाही, वाय-फाय चालू हवं. फायबरची हिरव्या टोकाची वायर सारखी काढ-घाल करू नका, टोकावर धूळ बसली की सिग्नल पडतो. त्यापेक्षा राउटरच्या पॅरेंटल कंट्रोलमधून एकेका उपकरणाचं इंटरनेट बंद करा. मग त्या उपकरणाची वीज घालवून परत आणा आणि पाच मिनिटांनी तपासा. ही पायरी लोक गाळतात. चालू असताना नेट गेलं तर निभावून नेणारं उपकरण वीज जाऊन आल्यावर सर्व्हरच शोधत बसतं, असं होऊ शकतं.

स्वस्त मॉड्यूल बहुधा तुया (अनेक ब्रँडना तयार क्लाउड आणि ॲप पुरवणारी कंपनी) हिच्या प्लॅटफॉर्मवरची असतात. ती लोकल तुयासारख्या इंटिग्रेशनने (होम असिस्टंटला उपकरण जोडणाऱ्या पूरक सॉफ्टवेअरने) घरातल्या घरात चालतात, पण प्रत्येकाची १६ अक्षरी लोकल की (गुप्त किल्ली) लागते. तुयाच्या डेव्हलपर साइटवर खातं काढा, प्रोजेक्ट करताना तुमचं ॲप-खातं ज्या डेटा सेंटरवर आहे तेच निवडा (इथल्या खात्यांचं बहुधा इंडिया), क्यूआर कोडने मोबाइल ॲपचं खातं जोडा आणि त्याच साइटवरच्या एपीआय एक्सप्लोरर या पानातून की काढून घ्या. की वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण साइटवरची चाचणी-मुदत संपते. मॉड्यूल ॲपमध्ये नव्याने जोडलं की की बदलते.

राउटरमध्ये प्रत्येक मॉड्यूलचा आयपी कायमचा बांधा. तुयाचा प्रोटोकॉल (बोलण्याच्या पद्धतीची आवृत्ती) ३.३, ३.४ की ३.५ ते मॉड्यूलप्रमाणे निवडायचं. जुनी मॉड्यूल एका वेळी एकच लोकल जोडणी घेतात, त्यामुळे मोबाइलचं ॲप उघडं असेल तर होम असिस्टंटमध्ये ‘अनुपलब्ध’ दिसतं. लोक इथे की चुकली समजून तासभर डोकं फोडतात.

शेवटी या मॉड्यूलचं इंटरनेट तोडाल तेव्हा डीएनएसही (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) तोडा. डीएनएस चालू आणि बाकी बंद असं अर्धवट ठेवलंत तर मॉड्यूल सर्व्हरचा पत्ता मिळाला म्हणून जोडायचा प्रयत्न करत राहतं आणि लोकल जोडणीलाही उत्तर देत नाही.

गॅंगबॉक्स

खटका यांचा उपाय आहे त्या ११ मॉड्यूलसाठी ठीक. नवीन मात्र या वाटेने एकही घेऊ नका. कीवर चालणारं लोकल म्हणजे कंपनीने अजून बंद केलं नाही म्हणून चालणारं लोकल. स्मार्ट-घराच्या कंपन्यांचीच उदाहरणं घ्या: रिव्हॉल्व्हचा हब २०१६ मध्ये बंद केला गेला, इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये न सांगता बंद झाले, बेल्किनने आपल्या वेमो उपकरणांचा क्लाउड ३१ जानेवारी २०२६ ला थांबवण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. सामान चांगलं होतं, सर्व्हर गेला.

माझं मत झिगबीच्या बाजूने आहे. सीसी२६५२पी किंवा ईएफआर३२एमजी२१ चिपचा यूएसबी डोंगल (पायला जोडायचा झिगबीचा रेडिओ) घ्या आणि सोबत एक ते दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. केबल ऐच्छिक नाही. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पडतो, झिगबीही तिथेच. डोंगल पायच्या निळ्या पोर्टात थेट खोचला, शेजारी एसएसडी असली, की दोन खोल्यांपलीकडचे सेन्सर गळायला लागतात आणि शिव्या सेन्सरला बसतात. काळ्या पोर्टात केबल, केबलच्या टोकाला डोंगल, आणि तो राउटरपासून लांब.

चॅनल पहिल्याच दिवशी ठरवा. झिगबी२एमक्यूटीटी (झिगबी उपकरणं होम असिस्टंटला जोडणारं सॉफ्टवेअर) मुळात ११ वर येतं, ते वाय-फायच्या चॅनल १ खाली दबतं. २.४ चं वाय-फाय ऑटोवरून काढून १ किंवा ६ वर, २० मेगाहर्ट्‌झ रुंदीवर बांधा आणि झिगबी २५ वर ठेवा. २६ टाळा, तिथे बरीच उपकरणं कमी ताकदीने बोलतात. चॅनल नंतर बदललात तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात.

न्यूट्रलवाली मॉड्यूल पुढच्या उपकरणांचा सिग्नल पुढे ढकलतात. बॅटरीचे सेन्सर ढकलत नाहीत, न्यूट्रलशिवायची मॉड्यूलही बहुतेक नाहीत. त्यामुळे बेडजवळच्या बॉक्समध्ये मॉड्यूल घालूच नका. टू-वेच्या दुसऱ्या टोकाला, जिथे न्यूट्रल आहे तिथे बसवा, पण आधी वायरमनकडून फेज आणि दिव्याची वायर कुठे उतरते ते तपासून घ्या, दोन्ही एकाच बॉक्समध्ये असतीलच असं नाही. आपल्याकडचे भिंतीतले बॉक्स बहुधा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचे असतात, म्हणजे सिग्नलला फक्त पुढच्या प्लास्टिक प्लेटची वाट. मॉड्यूल तळाशी कोंबून वर वायरांचा गुंता ठेवू नका.

मॅटर (स्मार्ट उपकरणांचं अनेक कंपन्यांचं सामायिक मानक, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२) लिहिलेलं मिळालं तर तेही चालेल, लोकल कंट्रोल मानकातच आहे. मात्र वीजमोजणीसारख्या सोयी काही उपकरणं कंपनीच्या ॲपपुरत्याच ठेवतात, ते खोक्यावर बघून घ्या.

पीसीबीकाका

टास्मोटा किंवा ईएसपीहोम (मूळ सॉफ्टवेअरच्या जागी चिपमध्ये टाकायची, क्लाउड न लागणारी फर्मवेअर) टाकून आहे तीच मॉड्यूल मोकळी करता येतात, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आधी आतली चिप बघा. ईएसपी८२६६ असेल तर दोन्ही चालतात. बेकेनची बीके७२३१ असेल तर टास्मोटा विसरा. त्या चिपसाठी ओपनबेकेन किंवा लिब्रेटायनीवाला ईएसपीहोम. सिरियलने फ्लॅश करताना (लॅपटॉपवरून वायरने फर्मवेअर भरताना) ३.३ व्होल्ट, आणि मॉड्यूल मेनपासून (घरच्या विजेपासून) पूर्ण सुटं. या बोर्डांचं ग्राउंड बऱ्याचदा थेट मेनला जोडलेलं असतं. भिंतीची वीज आणि लॅपटॉपची यूएसबी एकत्र आली तर लॅपटॉप जाईल, हातही.

ईएसपीहोममधला एक सापळा. एपीआयचा (होम असिस्टंटशी असलेल्या जोडणीचा) रीबूट टाइमआउट, म्हणजे जोडणी नसेल तर किती वेळाने रीस्टार्ट व्हायचं ती मुदत, मुळात १५ मिनिटं असतो. पाय बंद पडला, होम असिस्टंट जोडलेलं नाही, की प्रत्येक मॉड्यूल दर १५ मिनिटांनी स्वतःला रीस्टार्ट करतं आणि दिवे लुकलुकतात. लोकलवर येऊन हे झालं तर काय उपयोग? एपीआय, एमक्यूटीटी (उपकरणांचे निरोप पोहोचवायची दुसरी पद्धत) आणि वाय-फाय, जिथे जिथे आहे तिथे तो ० सेकंद करा. रिले वीज आल्यावर कुठल्या स्थितीत यावा तेही लिहा, गिझर असेल तर ‘कायम बंद’.

गिझरबद्दल. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, ३००० चा १३. १० अँपिअर छापलेल्या मॉड्यूलवर २००० चासुद्धा टाकू नका, रोज अर्धा-पाऊण तास तेवढा करंट वाहिला की टर्मिनल तापून काळं पडतं. तुमचा १६ चा प्लग चालेल. कायमचं काम करायचं तर एमसीबीच्या डब्यात २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा दणकट खटका) आणि मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल ओढायची. कॉइलवर आरसी स्नबर (ठिणगी दाबणारा छोटा भाग) लावा, नाहीतर रिलेचे काँटॅक्ट ठिणगीने चिकटतात. पाण्याच्या पंपालाही हेच.

गिझर बंद करायचं घड्याळ उपकरणातच हवं, होम असिस्टंटमध्ये नाही. पाय अडकला तर गिझर रात्रभर थर्मोस्टॅटच्या भरवशावर राहील. टास्मोटात यासाठी पल्सटाइम (ठरल्या वेळाने रिले आपोआप बंद करणारी आज्ञा) आहे: ११२ पासून पुढे आकड्यातून १०० वजा करून सेकंद धरतात, म्हणजे २० मिनिटांसाठी १३००.

वळचण

बरंच कळलं. बेडजवळचा बॉक्स रद्द. बाहेरून बघायचं, कॅमेरे आणि एसी राहिलं.

लंगरगाठ

राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) आहात, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरातल्या मशीनपर्यंत वाट उघडणं) चालणार नाही. चालत असलं तरी होम असिस्टंटचं पोर्ट ८१२३ बाहेर उघडू नका. टेलस्केलचं (फोन आणि घर यांच्यात खासगी बोगदा करणारी सेवा) ॲड-ऑन टाका, सीजीनॅट असूनही चालतं. त्याची ओळख पटवणारी यंत्रणा क्लाउडवर आहे हे खरं, पण ती पडली तर फक्त बाहेरून बघणं थांबेल, घरातलं काही अडणार नाही.

कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (कॅमेऱ्याचं चित्र घरातच थेट देणारी मानकं) आहे का बघा. असेल तर पोर्ट ५५४ वरून चित्र घ्या. ब्राउझरमध्ये दिसत नसेल तर व्हिडिओचा प्रकार एच.२६५ वरून एच.२६४ करा. दोन्ही नसतील तर ते कॅमेरे क्लाउडचेच, बदलायला पहिले काढा. इंटरनेट तोडल्यावर कॅमेऱ्याला वेळ कळत नाही. वीज जाऊन आली की रेकॉर्डिंगवर भलतीच तारीख पडते. घरातच एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर चालवून कॅमेऱ्यात त्याचा आयपी द्या, किंवा फक्त वेळेसाठीचं पोर्ट यूडीपी १२३ मोकळं ठेवा.

ब्रॉडलिंक लोकल चालतो, मात्र त्याच्या ॲपमध्ये ‘लॉक डिव्हाइस’ बंद हवं, नाहीतर होम असिस्टंटला जोडणी नाकारतो. आयआर एकतर्फी असतं. रिमोटने कुणी एसी बंद केला तर होम असिस्टंटला पत्ता लागत नाही. एसीच्या लाइनवर वीजमोजणीचं मॉड्यूल लावून वॉटवरून स्थिती ठरवा.

पायला एसडी कार्डाऐवजी एसएसडी, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॉप्टर आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर. होम असिस्टंटच्या २०२५.१ आवृत्तीपासून आपोआप होणारे बॅकअप मुळात कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली असलेली इमर्जन्सी किटची फाइल पायवरच ठेवाल तर पाय गेल्यावर बॅकअप उघडणार नाही.

आणि हे सगळं झाल्यावर नेट जाईल तेव्हा ॲप तरीही चालणार नाही असं वाटेल. त्यात होम असिस्टंटची चूक नसते. वाय-फायला इंटरनेट नाही दिसलं की अँड्रॉइड मुकाट मोबाइल डेटावर जातो, मग १९२.१६८ चा, म्हणजे घरातल्या जाळ्यातला, पत्ता सापडणार कसा? घरातल्या प्रत्येक फोनमध्ये वाय-फायच्या सेटिंगमधलं आपोआप मोबाइल डेटावर जाणं बंद करा, आणि ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का?’ असं विचारलं की होकार देऊन ‘पुन्हा विचारू नका’ वर खूण करा. ॲपमध्ये घरचा पत्ता होमअसिस्टंट.लोकल असा नावाने न देता थेट आयपीने द्या.