मुंबईत निरनिराळ्या समाजांचे घरच्यासारखे जेवण आणि खास जिन्नस कसे शोधावेत?

मूळ प्रश्न – मीठभाकर

नमस्कार. नोकरीनिमित्त आमचे कुटुंब अलीकडेच साताऱ्याहून ठाण्यात राहायला आले आहे. पारशी, बोहरी, सिंधी, ईस्ट इंडियन, तमिळ, मंगळुरी, गोवेकर असे अनेक समाज मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्यामुळे त्यांच्या घरी जसे रांधले जाते तसे जेवण येथे थोड्याफार शोधाने मिळेल, अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मोबाइलवर ज्या उपाहारगृहांना भरघोस तारे मिळालेले दिसतात, तेथे गेल्यावर धनसाक, पनीर टिक्का, हक्का नूडल्स आणि मालवणी थाळी असे सर्व काही एकाच मेन्यूकार्डावर छापलेले आढळते आणि त्यांतील कशालाच स्वतःची अशी चव नसते.

दोन गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. एखाद्या समाजाचे लोक स्वतः जेथे जेवतात किंवा सणावाराला जेथून पदार्थ मागवतात, अशी ठिकाणे परक्या माणसाने कशी ओळखावीत? आणि घरी करून पाहायचे म्हटले तर लागणारे मसाले, भाज्या, व्हिनेगर, कॉफी असे जिन्नस शहराच्या कोणत्या भागात मिळतात? सासूबाई शाकाहारी आहेत, बाकीच्यांना सर्व चालते. लोकलने कोठेही जाण्याची आमची तयारी आहे. प्रसिद्ध नावांची यादी सर्वत्र मिळते, त्यामुळे कोणत्या वेळी जावे आणि काय मागवावे हे कळले तर अधिक उपयोग होईल.

प्रतिसाद – ताडदेवकर

तारे कोणी दिले हे कळत नाही, म्हणून या शोधात त्यांचा उपयोग थोडाच आहे. ज्या समाजाचे जेवण हवे असेल त्याचे प्रार्थनास्थळ, त्याची जुनी वसाहत आणि त्याची लग्ने जेथे होतात ते सभागृह कोठे आहे हे आधी पाहावे. मग त्या परिसरातील वाणी, बेकरीवाला किंवा मिठाईवाला यांच्याकडे काहीतरी विकत घ्यावे आणि तेथेच विचारपूस करावी. ज्या दुकानातून त्या समाजाची माणसे रोजचा मसाला नेतात, त्या दुकानदाराला कोणाच्या हातचे जेवण चांगले हे ठाऊक असते आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाला ते सांगायला तो सहसा का-कू करत नाही.

पारशी जेवणापासून सुरुवात करायची असेल तर एक फरक आधी ध्यानात घ्यावा. इराणी हॉटेल म्हणजे पारशी जेवणाचे ठिकाण नव्हे. पारशी समाज अनेक शतके गुजरातेत राहून मग मुंबईत आला, तर इराणी हॉटेले काढणारे झरथुष्ट्री प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द आणि केरमान या भागांतून येऊ लागले. म्हणून धोबी तलावाजवळच्या, १९०४ साली सुरू झालेल्या कयानीमध्ये जावे ते सकाळी, आणि ब्रून मस्का, चहा व मावा केक यांसाठी जावे. तेथे लग्नाच्या पंगतीतले पारशी जेवण शोधू नये. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ सालच्या ब्रिटानियात हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात. तेथील बेरी पुलावावर घातली जाणारी झरेश्क ही आंबट वाळवलेली फळे इराणातली आहेत, तर साली बोटी आणि पात्रानी मच्छी हे गुजरातेतून आलेल्या पारशी घरांचे पदार्थ आहेत. तेथे केवळ दुपारचे जेवण मिळते, त्यामुळे बारा वाजण्यापूर्वी पोहोचणे बरे.

ज्याला पारशी स्वतः खरे जेवण मानतात ते ‘लगननु भोनु’, म्हणजे लग्नाचे जेवण, लग्न आणि नवजोत (मुलांना धर्मदीक्षा देण्याचा विधी) या प्रसंगी केळीच्या पानावर वाढले जाते. आमंत्रण नसलेल्यांसाठी त्यातल्या त्यात जवळची संधी म्हणजे मार्चमधील जमशेदी नवरोज आणि ऑगस्टमधील पारशी नववर्ष. त्या सुमारास पारशी उपाहारगृहे आणि घरगुती स्वयंपाक करणाऱ्या बायका आगाऊ मागणीवर हे जेवण देतात. धनसाक, म्हणजे डाळी आणि भाज्यांत शिजवलेले मटण, मात्र त्या दिवशी मागू नये. घरात कोणी गेल्यानंतर तीन दिवस मांस वर्ज्य असते आणि चौथ्या दिवशी धनसाकाने ते पाळणे संपते, म्हणून शुभप्रसंगी हा पदार्थ पारशी घरांत केला जात नाही. एरवी रविवारी दुपारी तो आवडीने खाल्ला जातो. एखाद्या ठिकाणी नवरोजच्या खास जेवणात धनसाक अग्रभागी मांडलेला दिसला, तर तो बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी आहे असे खुशाल समजावे. जिन्नसांपैकी नवसारीचे उसाचे व्हिनेगर अवश्य आणावे. साध्या पांढऱ्या व्हिनेगरने पारशी लोणच्याला किंवा ‘सास’ या आंबटगोड रश्श्याला ती चव येत नाही.

बोहरी जेवणाबाबत आपली थोडी निराशा होईल, पण ती उपाहारगृहांच्या बाबतीत, पदार्थांच्या बाबतीत नव्हे. मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजार येथे मिळणारे सगळेच बोहरी असते असा अनेकांचा समज आहे. पण नूर मोहम्मदी हॉटेलची नळी निहारी उत्तर हिंदुस्थानी मुसलमानी परंपरेतली आहे. बोहरी कुटुंब एका मोठ्या थाळाभोवती बसून जेवते, चिमूटभर मीठ चाखून सुरुवात करते, आणि गोड व तिखट पदार्थ एकाआड एक येत राहतात. ही रीत टेबल-खुर्चीच्या हॉटेलात बसत नाही, म्हणून खरा थाळ घरगुती मागणीवरच मिळतो आणि त्याला सात-आठ माणसे जमवावी लागतात. मात्र धुंगार दिलेल्या खिम्याचे समोसे आणि ताज आइस्क्रीममधील संचात हाताने फिरवलेले सीताफळाचे आइस्क्रीम बोहरी मोहल्ल्यात कोणालाही खाता येते. हे दुकान १८८७ पासूनचे म्हणून ओळखले जाते. रमजानच्या रात्री तेथे पाऊल ठेवायला जागा नसते. चव समजून घ्यायची असेल तर एखाद्या साध्या दिवशी दुपारी जावे.

प्रतिसाद – किंग्ज सर्कल

सासूबाईंना घेऊन माटुंग्याला यावे. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकालगत रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे आणि तेथील केळीच्या पानावरचे साधे, सात्त्विक जेवण शाकाहारी माणसाला तृप्त करते.

ताडदेवकरांनी सांगितलेला मार्ग योग्य आहे, तरीही त्यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. माटुंग्याला तमिळ लोकांची मोठी वस्ती असली, तरी येथील जुनी खाद्यगृहे बहुतेक उडुपी-मंगळूर भागातून आलेल्या कोकणी आणि तुळू भाषकांनी काढलेली आहेत. कॅफे मद्रास या नावाखालीही कामत कुटुंबच आहे. त्यामुळे येथील सांबाराला गुळाचा किंचित गोडवा असतो, जो तंजावरच्या किंवा पालघाटच्या घरी नसतो. असे असूनही मी या सांबाराला कमअस्सल म्हणणार नाही, कारण माटुंग्यातील तमिळ कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या कितीतरी पिढ्या त्यावरच पोसल्या आहेत. स्वयंपाकी कोणत्या समाजाचा आहे याबरोबरच त्याने इतकी वर्षे कोणाला जेवू घातले हेही पाहिले पाहिजे. मोठ्या शहरात जेवण असेच घडत जाते आणि मला त्याचेच अधिक अप्रूप आहे.

तमिळ घरचा स्वयंपाक करून पाहायचा असेल तर आस्तिक समाजाच्या मंदिराच्या आसपास सकाळी फिरावे. केळीची पाने, केळफूल, सांबाराचे छोटे कांदे, नेंद्र केळी आणि शेवग्याचा कोवळा पाला तेथे एका फेरीत मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर लोणच्याच्या चिमुकल्या अख्ख्या कैऱ्याही येतात. कॉफी मात्र पाकीटबंद घेऊ नये. येथील कॉफीच्या दुकानांत बिया भाजून समोर दळून देतात आणि चिकोरी किती हवी ते विचारतात. घरी फिल्टर नवा असेल तर ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी या प्रमाणाने सुरुवात करावी आणि आठवडाभर पुरेल इतकीच पूड घ्यावी, कारण दळल्यानंतर तिचा वास झपाट्याने उतरतो.

ओणमच्या सुमारास, ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये, केरळी सद्या (केळीच्या पानावरचे सणाचे शाकाहारी जेवण) जेवायचा असेल तर फोर्टमधील केरळी खाणावळींत आधी नाव नोंदवावे लागते. त्या दिवशी अचानक गेल्यास जागा मिळत नाही.

मीठभाकर

दोघांचेही मनापासून आभार. धनसाकाविषयीची माहिती आम्हाला पूर्णपणे नवी आहे. एक शंका विचारते. ईस्ट इंडियन जेवणाचा उल्लेख सर्वत्र वाचायला मिळतो, पण तसे हॉटेल आम्हाला अद्याप सापडलेले नाही. हे जेवण गोव्याच्या ख्रिस्ती जेवणासारखेच असते का, आणि अनोळखी माणसाने कोणाच्या घरी मसाला मागायला जाणे योग्य दिसेल का?

प्रतिसाद – वसईचा किनारा

ईस्ट इंडियन हे वसई, साष्टी आणि मुंबई या बेटांवरचे मूळचे रहिवासी असून त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. त्यांची मातृभाषा मराठीचीच बोली आहे. १८८७ साली त्यांनी आपली संस्था स्थापन करताना ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. सोरपोतेलसारखी (डुकराच्या मांसाचे कालवण) काही नावे गोव्याशी समान असली तरी चवीत अंतर आहे, आणि ते अंतर मुख्यतः बाटली मसाल्यामुळे पडते.

हा मसाला एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यापूर्वी, वर्षभरासाठी केला जातो. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, वीसहून अधिक जिन्नस मातीच्या खापरावर वेगवेगळे भाजायचे, लाकडी उखळात कांडायचे आणि काळ्या-तपकिरी बाटल्यांत दाबून भरायचे, अशी त्याची रीत आहे. उजेड आणि दमट हवा यांपासून मसाला वाचावा म्हणून या बाटल्या वापरल्या जातात. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असल्यामुळे एका गावचा मसाला दुसऱ्या गावासारखा लागत नाही. कालवणात कांदा, लसूण आणि थोडे व्हिनेगर यांबरोबर एक-दोन चमचे मसाला पुरतो. मटण, कोळंबी, इतकेच काय, दुधीलाही तो शोभतो, त्यामुळे आपल्या सासूबाईंनाही त्याचा आस्वाद घेता येईल.

उपाहारगृहे नसण्याचे कारण असे की हा समाज शेती, मिठागरे, मासेमारी आणि पुढे नोकऱ्या यांत राहिला, खानावळीच्या धंद्यात फारसा उतरलाच नाही. त्याचे उत्तम पदार्थ लग्नघरात तयार होतात. आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल फुगे आणि त्यांच्याबरोबर डुकराच्या मांसाचे इंदियाल ही जोडी जेथे चाखायला मिळेल तेथे सोडू नये. उत्तन, गोराई, मनोरी, वसई आणि बांद्र्याची जुनी गावठाणे येथे अनेक कुटुंबे मसाला विकतात आणि आगाऊ सांगितल्यास फुगेही करून देतात. नाताळापूर्वी काही चर्चच्या आवारांत घरगुती पदार्थांची विक्री असते. अनोळखी माणसाने विचारण्यात गैर काहीच नाही. पण मे महिन्यात विचारावे. दिवाळीनंतर गेल्यास बहुतेक घरांत स्वतःपुरत्याच बाटल्या उरलेल्या असतात आणि नाही म्हणताना त्यांनाच संकोच वाटतो.

वसईपर्यंत आलाच आहात तर आगाशी भागातील सुकेळी अवश्य न्यावीत. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवून ती करतात. साखर घालावी लागत नाही. आता हे काम करणारी घरे फार थोडी उरली आहेत, याचे आम्हा वसईकरांना दुःख आहे, आणि विकत घेणारे वाढले तरच ती टिकतील.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, मंडळींचा मलिदा मात्र कोठेही विकत मिळणार नाही. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा हा नैवेद्य प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या नावाने केला जातो, आणि एखाद्या घरच्या समारंभाला बोलावणे आले तरच तो हातावर पडतो.

प्रतिसाद – उल्हासनगर कॅम्प चार

ठाण्याहून आपल्याला सिंधी जेवण सर्वांत जवळ आहे आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. फाळणीनंतर निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. चेंबूर कॅम्पही त्याच काळात वसला. रविवारी सकाळी आठ-नऊच्या सुमारास यावे आणि दाल-पकवान खावे. दुपारपर्यंत ते संपते आणि उरलेच तर पकवान मऊ पडलेले असते. हॉटेलात बसण्यापेक्षा ज्या गाडीवर घरचे डबे घेऊन माणसे रांगेत उभी असतात तेथे खावे.

शाकाहारी माणसासाठी या जेवणात पुष्कळ आहे. साई भाजी पालक, आंबट चुका आणि हरभऱ्याची डाळ यांची असते. सिंधी कढीत ताक नसते, बेसन तेलात खमंग भाजून चिंचेचा कोळ घालतात. कमळकाकडीला आम्ही ‘भीं’ म्हणतो. ती बाजारात चिखलासकट विकायला येते. दोन्ही टोके बंद असलेलीच निवडावी, म्हणजे आतल्या नळ्यांत माती शिरलेली नसते. घरी भाजी करताना ती आधी कुकरमध्ये नीट शिजवून घ्यावी, नाहीतर कितीही वेळ रश्श्यात ठेवली तरी दाताखाली कडकच लागते.

होळीच्या आधीच्या पंधरवड्यात मिठाईच्या दुकानांत घीअर दिसू लागतो. हा जिलबीच्या जातीचा, मोठ्या चकतीएवढा, आंबवलेल्या मैद्याचा पदार्थ असून तो होळीपुरताच मिळतो. सकाळचा तळलेला घ्यावा आणि त्याच दिवशी संपवावा.