बोटाचं लिगामेंट दुखावलंय, महिना झाला तरी मूठ वळत नाही

रविवारचा_कीपर:
नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी लेदर बॉलवर कीपिंग करताना बॉल थेट उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकावर बसला आणि बोट मागे वाकलं. एक्सरेत फ्रॅक्चर नाही, लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, ताणलंय म्हणाले, तीन आठवडे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी होती. आता पट्टी काढली तर मधला सांधा सुपारीएवढा सुजलेला, सकाळी बोट लाकडासारखं, मूठ अर्धीच वळते. वडील म्हणतायत हाडवैद्याकडे जाऊन ओढून घे, मोकळं होईल. काय करू?

हाताची_फिजिओ:
आधी सांगते, ओढून घेऊ नका प्लीज. मधल्या सांध्याला दोन्ही बाजूंनी लिगामेंट असतात आणि तळव्याकडून एक जाड पट्टा असतो, व्होलर प्लेट म्हणतात त्याला, बोट मागे वाकलं की बहुतेक वेळा तोच दुखावतो. भरत आलेला पट्टा ओढला तर पुन्हा फाटेल. तुमचं बोट आता कडक झालंय ते जास्त दिवस बांधून ठेवल्यानं, हा सांधा फार लवकर आखडतो.
शेजारच्या बोटाला टेपनं जोडा, मधे थोडा कापूस ठेवा, टेप सांध्यावर नको, वर आणि खाली. कोमट पाण्यात हात बुडवून दिवसातून पाचसहा वेळा हळूहळू मूठ वळवा आणि पूर्ण उघडा. सूज सहा महिने सुद्धा राहते, कधी वर्षभर, सांधा थोडा जाड कायमचाही राहू शकतो, त्याने घाबरू नका. पण एक बघा, बोट स्वतःच्या जोरावर सरळ होतंय का? होत नसेल तर बोटाच्या वरच्या बाजूची टेंडन, म्हणजे बोट सरळ करणारी दोरी, तुटलेली असू शकते, मग लगेच हँड सर्जन.

नाशिकची_माई:
अंगठ्याचं असेल तर मात्र अजिबात थांबू नका बरं का. माझी मुलगी स्कूटीवरून पडली, हँडल हातातच, अंगठा बाहेर ओढला गेला. आम्ही आपलं हळद लावत बसलो, मग लक्षात आलं तिला बरणीचं झाकण उघडता येत नाही, किल्ली फिरवता येत नाही. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं आणि त्याचं टोक दुसऱ्या स्नायूच्या पडद्याच्या वर अडकलेलं, ते आपोआप जुळतच नाही म्हणे, ऑपरेशन करावं लागलं. लवकर गेलो असतो तर सोपं झालं असतं, अजून वाईट वाटतं.

रविवारचा_कीपर:
बोट सरळ होतंय ताई, शेवटी थोडं अडकतं एवढंच. वडिलांना वाचून दाखवलं, पटलं त्यांना. अंगठी काढलीच होती नशिबानं. पुढच्या महिन्यात मॅच आहे, खेळू का?

हाताची_फिजिओ:
दुखल्याशिवाय पूर्ण मूठ वळली आणि पकडीत जोर आला तर, तेही टेप लावून. तोवर कीपिंग नको, बॅट धरून बघायला हरकत नाही. आणि एकदा हँड थेरपिस्टला दाखवा, शेवटचं अडकणं सोडवायला रात्रीचं स्प्लिंट, म्हणजे बोटाला आधार देणारी पट्टी, देतात.