देखभाल विभागातली वरची पदं: कामानुसार ठेवावीत की भागानुसार?

धागाकर्ता
शहराच्या देखभाल विभागात रस्ते, गटारं, पथदिवे, उद्यानं यांचे वेगवेगळे प्रमुख असतात. प्रत्येकाखाली उपप्रमुख, मग पर्यवेक्षक, मग मुकादम. माझं स्पष्ट मत आहे की ही उतरंड मोडावी. शहराचे भाग पाडावेत, दर भागाला एकच व्यवस्थापक नेमावा आणि तिथलं सगळं काम त्याच्याकडे सोपवावं.

खड्ड्याचंच बघा. भेगेतून पाणी खाली उतरतं, खालचा थर मऊ पडतो, वरून वाहनं जातात आणि डांबर खचतं. बरेचदा ते पाणी शेजारच्या तुंबलेल्या गटाराचं असतं. रस्तेवाले खड्डा बुजवतात, गटार त्यांच्या यादीतच नसतं. पुढच्या पावसात खड्डा पुन्हा तिथेच. दोन्ही कामं एकाच्या हाती असली तर तो आधी गटार मोकळं करेल. मग उपप्रमुखांची मधली फळीही लागणार नाही.

झाकण
पूर्ण विरोध. मी गटारांच्या कामावर वर्षं काढली आहेत. मॅनहोलमधल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि आतल्या माणसाला वाटतं हवा सुधारली. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर श्वसनयंत्राशिवाय पाऊल टाकायचं नाही. मुळात माणूस उतरवायची वेळच येऊ नये, सफाई यंत्रानेच व्हावी. पण हे सगळं ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही असा व्यवस्थापक, समोर तक्रारींचा ढीग असताना, "उरका लवकर" म्हणाला तर? विजेच्या खांबांचंही तेच.

धागाकर्ता
झाकण, हा मुद्दा मला मान्य आहे. सुरक्षेची परवानगी भाग-व्यवस्थापकाच्या हाताखाली नकोच. सुरक्षा अधिकारी वेगळा असावा आणि त्याने "नाही" म्हटलं की काम थांबलं पाहिजे. पण तेवढ्यासाठी चार उपप्रमुख कशाला?

हिशेबी
कारण माणसाच्या लक्षाला मर्यादा असते. व्यवस्थापन सल्लागार ग्रेइकुनास यांनी 1933 मध्ये हिशेब मांडला होता: हाताखाली 5 जण असतील तर वरिष्ठाला सांभाळावे लागणारे संभाव्य संबंध (एकेकाशी, गटांशी आणि त्यांचे आपापसातले) 100 होतात, सहावा आला की थेट 222. आपत्ती हाताळणाऱ्या यंत्रणांमध्येही एका प्रमुखाखाली 3 ते 7 जण असावेत असा दंडक आहे, 5 असले तर उत्तम. मधली फळी काढली तर तुमच्या व्यवस्थापकाकडे थेट दहा-बारा पर्यवेक्षक येतील.

रोजमेळ
हिशेबी, तो आकडा *शक्य* असलेल्या सगळ्या संबंधांचा आहे, ते रोज घडतात असं नाही. ठरलेल्या रस्त्यांच्या झाडलोटीला एक मुकादम वीस जण सहज सांभाळतो, कारण काम रोज तेच. आपत्तीत दर तासाला चित्र बदलतं. दोन्हींना एकच माप लावू नका.

जुना पर्यवेक्षक
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. आमच्याकडे हा प्रयोग झाला होता. पदनामं बदलली, दारावरच्या पाट्या बदलल्या, मी "भाग-समन्वयक" झालो. एका वळणावर मॅनहोलचं झाकण तुटलं. नवं झाकण मागवायचा अधिकार पूर्वीसारखाच वरच्या मजल्यावर. फाइल अकरा दिवस फिरली. तेवढे दिवस मी तिथे फांदी खोचून लाल फडकं बांधलं आणि रोज रात्री जाऊन ते जागेवर आहे ना हे पाहिलं. झोप लागायची नाही हो. लोकांच्या शिव्या मात्र मलाच, कारण जबाबदारी आता माझी होती.

भागानुसार करा की कामानुसार, माझी हरकत नाही. पण झाकण, जाळी, दिवा, दोन पोती सिमेंट एवढं तरी त्या माणसाला स्वतःच्या सहीने आणता यायला हवं.

धागाकर्ता
हे माझ्या मांडणीत राहून गेलं होतं. खर्चाचा अधिकार पदासोबतच खाली यायला हवा, आधी पद आणि नंतर अधिकार असं नको. उपप्रमुखांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

झाकण
सहीचं मलाही पटलं. पण तो एकटा सहीवाला आजारी पडला आणि त्याच रात्री जलवाहिनी फुटली, तर सही कोण करणार? आज ती उपप्रमुख करतो.