अनुभव धागा: घरचं कोकमतेल, उटणं, साबण, काढे (प्रमाणासकट लिहा!)

पायवाट:
सासूबाईंनी देवगडहून आंब्याची पेटी पाठवली, तिच्या पेंढ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोकमतेलाचा गोळा निघाला. वास घेतला आणि एकदम आजीचं मागचं परस आठवलं. मे महिन्यात रातांबे फोडायला सगळ्या बायका बसायच्या, सालं मिठाच्या आगळात बुडवून उन्हात, परत बुडवून परत उन्हात, अशी आमसुलं व्हायची. पण बिया कुणी टाकायचं नाही. त्या चोळून धुवायच्या, खडखडीत वाळवायच्या, मग पाऊस लागायच्या आत फोडून आतला गर कुटून भरपूर पाण्यात उकळायचा. तेल वर येतं, ते पळीने अलगद काढायचं, निवलं की घट्ट होतं आणि हातावर वळून गोळे करायचे. दुसरं काही घालायचं नाही. रात्री पाय धुऊन कोरडे करायचे आणि पळीत तुकडा वितळवून टाचांच्या भेगांत भरायचा. मी शहरात येऊन महागडी क्रीम्स लावली, भेगांना याच्यासारखा गुण कशाचाच आला नाही हे अगदी मनापासून सांगते.
आजी गेली तेव्हा तिच्या हातातली सगळी मापं तिच्याबरोबर गेली. उटणं किती, काढ्यात काय, माक्याचं तेल कसं, कुणी लिहूनच ठेवलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्या घरी जे करतात ते लिहा, आणि प्लीज "अंदाजाने" असं लिहू नका, वाटी चमचा काहीतरी सांगा.

कुडाळची_पोर:
भिरंडेल!! आमच्याकडे टाचाच नाही, थंडीत ओठांना पण तेच. आणि पोट बिघडलं की मऊ भातावर तुपासारखं घालून. आजी म्हणायची "वायच तापव, मगे लाव". जास्त तापवलं तर चटका बसतो हो, लहान मुलांना लावताना आधी आपल्या मनगटावर बघा.

दक्षिणवारा:
मी मेलबर्नला. आईने मागच्या खेपेला असेच चार गोळे बॅगेत दिले, कस्टम्सवाल्याने उलटेपालटे करून वास घेऊन बघितले, मी आपली "फूट क्रीम, फूट क्रीम" करत उभी. शेवटी त्याने विचारलं की खरंच उपयोग होतो का, त्याच्या बायकोच्या टाचा फुटतात म्हणे 😄 सोडले सगळे.

रानजाई:
😂😂 एक देऊन टाकायचा ना त्याला

दक्षिणवारा:
देणार होते गं, मागे रांग केवढी!

माळीणबाई:
माक्याचं तेल लिहिते पटकन, कुकर लावलाय. माका पाळंमुळं सोडून नुसता पाला, वाटून रस १ वाटी. खोबरेल तेल २ वाट्या. ५-६ जास्वंदीची फुलं, मूठभर कढीपत्ता, २ चमचे आवळकाठीची पूड. लोखंडी कढईत मंद आचेवर. आधी खूप तडतडतं, ती तडतड म्हणजे रसातलं पाणी. ती पूर्ण थांबली की तेल झालं. आमची आई कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवून बघायची, वात न तडतडता जळली तर पाणी संपलं. थोडं जरी पाणी राहिलं तर तेल लवकर खवट होतं आणि बुरशी येते, बाकी सगळं चुकलं तरी चालेल हे नको. गाळून काचेच्या बाटलीत. शिट्टी झाली बाय

सदाफुली७:
उटण्याचं आमचं माप. मसुराची डाळ दळून २ वाट्या, संत्र्याच्या सुकलेल्या सालीची पूड अर्धी वाटी, गुलाबपाकळ्यांची पूड अर्धी वाटी, वाळा, नागरमोथा आणि कपूरकाचरी प्रत्येकी २ चमचे, आंबेहळद १ चमचा, बावची १ चमचा. साली नुसत्या सावलीत वाळवा, उन्हात वास उडतो. चंदन मात्र पूड आणत नाही, बाजारात चंदनाच्या नावाखाली कसला भुसा देतात देव जाणे, आम्ही सहाणेवर खोड उगाळून नहाणाच्या वेळी मिसळतो. नरकचतुर्दशीला पहाटे आजोबा स्वतः सगळ्या नातवंडांना लावायचे. दारात कारीट फोडायला माझा नंबर कायम शेवटी यायचा कारण मी सगळ्यात लहान, आणि तोवर सगळी कारिटं संपलेली, मग चुलतभाऊ त्याचं अर्धं फुटलेलं मला परत फोडायला द्यायचा. आता तो पुण्यात असतो, दिवाळीला दोघं फोनवर हेच बोलतो.

अर्धा_कप:
सदाफुली किती गोड भाऊ आहे 🥹

डॉ_गारवा:
त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे म्हणून बावचीबद्दल लिहितो. बावचीत सोरालेन असतं, त्याने त्वचा उन्हाला फार संवेदनशील होते. कोडाच्या उपचारात त्याचाच उपयोग करतात, पण मोजून आणि देखरेखीखाली. उटणं लावून नीट धुतलंत आणि दिवसभर घरात असाल तर एक वेळ ठीक, पण रोज चेहऱ्याला लावून दुपारी स्कूटरवर निघालात तर काळे डाग आणि कधी फोडसुद्धा येतात. लिंबाचंही तेच. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्या मुली महिन्याला बघतो, पट्टे उमटलेले असतात. बावची वगळा, बाकीचं माप छान आहे.
अजून एक. भाजल्यावर तूप, हळद, टूथपेस्ट, काहीही लगेच लावू नका. आधी २० मिनिटं नळाखाली साधं पाणी सोडा. बर्फ नको.

सदाफुली७:
बापरे, कुणी सांगितलंच नव्हतं. यंदापासून बावची बंद. धन्यवाद डॉक्टर 🙏

वऱ्हाडी_ठेचा:
शतधौत घृत कोणी करतं का इथं? आमच्या मायनं केलेलं होतं घरात नेहमी. गायीचं तूप १ वाटी, तांब्याची परात, गार पाणी. पाणी घालायचं, तळव्यानं फिरवायचं, पाणी ओतायचं, नवीन घालायचं. असं शंभर वेळा. नावच तसं आहे. होता होता तूप पांढरंशुभ्र मऊ होते आणि तुपाचा वास जातो. थंडीत गाल फुटले की तेच लावायची. आमच्याकडे ते काम संध्याकाळी ओसरीवर चालायचं, माय पंचवीस वेळा फिरवायची मग मावशीला द्यायची, मग आत्याबाई, आणि मोजायचं काम पोरांचं. मोजता मोजता आम्ही भांडायचो आणि आकडा विसरायचो तर माय म्हणे जाऊ दे, दहा जास्तीचे होतील, बिघडत नाही. माझ्यासाठी ते क्रीम म्हणजे तीन बायकांचे हात. आता एकटीनं करते, बाहीचं दुखते, पण करते. शेवटचं पाणी पूर्ण निथळा नाहीतर आठवड्यात खराब. थोडंच करा, संपवा, परत करा.

रानजाई:
ठेचा ताई काय लिहिलंत! तुमच्याकडे या वेळी पाऊस कसा आहे, आमचे दिर अकोल्याला आहेत ते म्हणाले पेरणी अडलीये

वऱ्हाडी_ठेचा:
इकडं बरा झाला ताई पण उशिरा. तूर टाकली.

पायवाट:
किती छान लिहिताय सगळे. साबण कोणी करतं का? मला नुसत्या खोबरेल तेलाचा करायचाय, आमच्याकडे नारळ घरचे.

दक्षिणवारा:
करते की, खूप वर्षं करतेय! पण साबणात वाटी चमचा अजिबात नाही, पायवाट तुझा नियम इथे मोडते. ग्रॅमचा वजनकाटाच हवा, कारण कॉस्टिक सोडा जास्त झाला तर साबण कातडी जाळतो. ५०० ग्रॅम खोबरेल तेल, ७३ ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, शुद्ध, नळ साफ करायच्या मिश्रणाचं पाकीट नको), १९० ग्रॅम पाणी. यात साधारण २० टक्के तेल जाणूनबुजून जास्तीचं सोडलेलं आहे, कारण नुसत्या खोबरेलाचा साबण अंग फार कोरडं करतो. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. पाणी भयंकर तापतं आणि वाफ येते, म्हणून खिडकी उघडी, हातमोजे, चष्मा, मुलं आणि मांजर बाहेर. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोड्याने ते खातं आणि त्यातून ज्वलनशील वायू निघतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक. पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाले की एकत्र करून हँड ब्लेंडरने फिरवत राहायचं, पातळ श्रीखंडासारखं झालं की साच्यात. खोबरेलाचा साबण लवकर घट्ट होतो, त्याच दिवशी कापा, दुसऱ्या दिवशी कापायला गेलात तर तुकडे पडतात. मग ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी. अंगावर सोड्याचं पाणी उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, व्हिनेगर वगैरे लावत बसू नका.
खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यात पण फेस येतो, विहिरीचं पाणी जड असेल तिथे तुम्हाला लगेच फरक कळेल.

अर्धा_कप:
थोडं कोकमतेल घातलं तर?

दक्षिणवारा:
घाल, १० टक्के घातलं की वडी छान कडक होते. पण प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो हे विसरू नकोस, माझं ७३ चं गणित फक्त खोबरेलाचं. साबणाचा कॅल्क्युलेटर नेटवर असतो, त्यात तेलाचं वजन टाकून बघ.

कुडाळची_पोर:
माझी वहिनी बाळंतीण आहे, घरात बाळगुटीवरून रोज भांडण. आई म्हणते मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक सहाणेवर एकेक वेढा, मी स्वतः त्याच्यावर वाढले. बाळाच्या डॉक्टर म्हणतात ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. वहिनी बिचारी मधल्या मधे.

डॉ_गारवा:
बालरोगतज्ज्ञांचंच ऐका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, गुटी मधातून देतात बऱ्याच घरांत. बोटुलिझमचा धोका असतो. आईंना सांगा, सहाण बाळंतिणीच्या सुंठीसाठी वापरा.

माळीणबाई:
वहिनीला माझ्याकडून मिठी. मी पण यातून गेलेय गं. आमच्या सासूबाईंना डॉक्टरीणबाईंनीच समोर बसवून समजावलं, मग त्या बाळाच्या तेल लावण्यात रमल्या. मालिश तुमची, खाणंपिणं आमचं, असं वाटून घ्या.

कुडाळची_पोर:
हे चांगलंय! आजच बोलते आईशी. मालिशला खोबरेल की तीळ?

माळीणबाई:
उन्हाळ्यात खोबरेल, थंडीत तीळ. आमच्याकडे तरी.

रानजाई:
काढा राहिला ना. खोकल्याला अडुळशाची ५-६ पानं तव्यावर मऊ करून पिळून रस, चमचाभर रसाला चमचाभर मध, मोठ्यांनी दिवसातून दोनदा. कडू जहर, पण कफ सुटतो. गरोदर असाल तर अडुळसा नको. गवती चहा, आलं, तुळस उकळून त्यात गूळ हा रोजचा. आठवड्याच्या वर खोकला राहिला किंवा ताप आला तर काढे करत बसू नका.

पायवाट:
मी सगळं वहीत उतरवतेय, लेकीसाठी. सदाफुली, वाळा नक्की मुळ्याच ना? आमच्या बाजारात जुड्या मिळतात त्याच दळायच्या?

सदाफुली७:
हो त्याच मुळ्या. आधी झटकून धू, माती फार असते. कात्रीने बारीक तुकडे कर, चांगल्या वाळव आणि मग दे गिरणीत, लांब मुळ्या पात्यात अडकतात. मिक्सरवर तर नकोच. आमचा गिरणीवाला दिवाळीच्या आठवड्यात एक दिवस फक्त उटण्याचं दळण घेतो, तुमच्याकडे पण विचारून बघ.