फायबरग्लास विमानात कॉमचा अँटेना: पीटीटी दाबलं की हेडसेटमध्ये शिट्टी, ग्राउंड प्लेन कसा करू?

काचपंख
नमस्कार मंडळी. टू-सीटर विमान बांधतोय, फ्यूजलाज (धड) आणि शेपूट पूर्ण ग्लासचं म्हणजे फायबरग्लासचं, फक्त पंखाचा स्पार (आतला मुख्य तुळई) कार्बनचा. इंजिन सुरू होतंय, टॅक्सी चालू आहे आणि कॉमने, म्हणजे बोलायच्या रेडिओने, डोकं खाल्लंय. बेंट व्हिप (वाकवलेल्या काडीचा) अँटेना पोटाखाली सीटच्या मागे लावलाय, थेट ग्लासच्या स्किनवर, आतून मोठे वायसर टाकून नट आवळलेत, बाकी काही नाही. केबल आरजी-५८, साधारण ४ मीटर. ऐकू बरं येतं पण बोलायला गेलं की समोरचा म्हणतो तुटतंय, आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की हेडसेटमध्ये शिट्टी वाजते नि इंधनाच्या गेजचा काटा सरळ फुल्लवर जाऊन बसतो, सोडलं की परत खाली. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) १२७ मेगाहर्ट्झला ४ च्या वर दाखवतोय.

आता माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, अँटेनाच्या खाली आतून ३० सेंटिमीटरचा चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाकायचा. दोन, हे सगळं काढून फिनमध्ये (शेपटीच्या उभ्या पंखात) कॉपर टेपचा डायपोल, म्हणजे दोन हातांचा अँटेना, टाकायचा, फिनची एक बाजू अजून चिकटवलेली नाही म्हणून आत्ता हात जातोय, एकदा बंद झाली की संपलं. कुठला रस्ता धरू? ट्रान्सपाँडरचा (रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राचा) अँटेना पण याच पोटावर यायचाय, त्याचं पण सांगा.

तांबेपट्टी
तुझं दुखणं अगदी ठरलेलं आहे आणि काळजी करू नकोस, पूर्ण बरं होतं. व्हिप म्हणजे अर्धाच अँटेना. दुसरा अर्धा म्हणजे ग्राउंड प्लेन, अँटेनाच्या बुडाशी पसरलेला धातू. पत्र्याच्या विमानात तो आपोआप मिळतो कारण सगळी बॉडीच धातूची, म्हणून त्या लोकांना त्याचा विचारच करावा लागत नाही. ग्लासमधून रेडिओ लहरी आरपार जातात, रेडिओच्या दृष्टीने तुझा अँटेना हवेत लटकतोय. मग करंटला परतीचा रस्ता लागतो आणि तो केबलच्या शिल्डची बाहेरची बाजू पकडतो, तिथून पॅनेलमध्ये, इंटरकॉममध्ये, गेजच्या वायरीत. शिट्टी आणि नाचणारा काटा दोन्ही त्याचेच. खात्री करायची असेल तर एसडब्ल्यूआर मोजणारा अ‍ॅनालायझर लावून ठेव आणि अँटेनापासून हातभर अंतरावर केबल मुठीत धरून बघ, एसडब्ल्यूआर हलला की समज केबलच अँटेना झालीय.

३० सेंटिमीटरच्या पत्र्याने भागणार नाही. १२७ मेगाहर्ट्झला पाव वेव्हलेंग्थ साधारण ५९ सेंटिमीटर होते आणि तुझा पत्रा मध्यापासून कडेपर्यंत फक्त १५. काहीच नसण्यापेक्षा बरा, पण त्यात समाधान मानू नकोस. आख्खा पत्रा लागतच नाही, २५ मिलिमीटर रुंदीच्या कॉपर टेपच्या चार पट्ट्या बेसपासून चार दिशांना आतल्या बाजूने चिकटव, प्रत्येकी ५५ ते ६० सेंटिमीटर, एक पुढे एक मागे आणि दोन डाव्या-उजव्या बाजूने वर चढत जाणाऱ्या. सपाट ग्राउंड प्लेनवर पाव वेव्हचा इंपीडन्स (करंटला होणारा अडथळा) ३६ ओहमच्या आसपास असतो, पट्ट्या व्हिपपासून दूर मागे झुकल्या की तो केबलच्या ५० कडे सरकतो, तुझा व्हिप खाली बघतोय म्हणजे फ्यूजलाजच्या भिंतीवर चढणाऱ्या पट्ट्या तुझ्या फायद्याच्याच आहेत. जागा नसेल तर थोड्या वळव, पण परत बेसकडे आणू नकोस.

आणि जिथे बहुतेक जण चुकतात ते सांगतो. टेपच्या खालचा गोंद करंट नेत नाही. पट्टीवर पट्टी चिकटवली की जोड झाला असं दिसतं, होत मात्र नाही. सगळ्या पट्ट्या मध्ये एका तांब्याच्या तुकड्यावर सोल्डर कर आणि ते सोल्डरिंग टेबलावर कर, विमानात नाही, कारण घरच्या तापमानाला क्युअर झालेलं इपॉक्सी ६०-८० डिग्रीलाच मऊ पडायला लागतं आणि सोल्डरिंगची टीप त्याच्या कितीतरी वर असते. आधी दोन्ही तुकड्यांना पातळ कल्हई, मग एकावर एक ठेवून लाकडी काडीने दाबून टीप टेकव, सोल्डर कडेने चमकून बाहेर आलं की झालं. मग आख्खी फुली उचलून आत नेऊन चिकटव. बऱ्याच व्हिपना ग्राउंड त्यांच्या माउंटिंग स्क्रूतूनच मिळतो, म्हणजे तांबं त्या स्क्रूंच्या डोक्याखाली स्वच्छ आलं पाहिजे, मध्ये रंग नको की प्रायमर नको. मल्टिमीटरने कनेक्टरच्या बाहेरच्या कडेपासून प्रत्येक पट्टीच्या टोकापर्यंत तपास, जवळपास शून्य ओहम यायला हवेत.

शेपूटवाला
वरचं सगळं पटलं पण मी तुझ्या जागी असतो तर फिन बंद करायच्या आधी डायपोल टाकलाच असता, कारण डायपोलला ग्राउंड प्लेन लागत नाही, त्याचा दुसरा अर्धा त्याच्यातच असतो. बर्ट रुटानने डिझाइन केलेल्या लाँग-ईझेडसारख्या घरी बांधायच्या विमानांत विंगलेटमध्ये असे टेपचे अँटेना लोकांनी कित्येक वर्षं वापरलेत. वजन नाही, बाहेर काही लोंबत नाही, ड्रॅग शून्य.

कॉम उभ्या पोलरायझेशनवर चालतो म्हणून डायपोल उभा पाहिजे, फिनच्या तिरपेपणाने थोडा कलला तर चालतं. दोन हात मिळून मीटरभराहून थोडी जास्त उंची लागते, ती आहे का मोज. हात सुरुवातीला ५६-५७ सेंटिमीटर ठेव आणि दोन्हीकडून सारखे कापत ये, रुंद टेप आणि ग्लास दोन्हीमुळे शेवटी गणितापेक्षा आखूडच निघतो. केबलची मधली तार वरच्या हाताला, शिल्ड खालच्या हाताला, आणि केबल डायपोलला काटकोनात जितकी लांब नेता येईल तितकी ने, लगेच खाली वळवलीस तर खालच्या हाताला समांतर धावेल आणि सगळं बिघडवेल. जोडाच्या अगदी जवळ केबलवर तीन फेराइट रिंगा ओव. ४३ नंबरचं मटेरियल घे, जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा या फ्रिक्वेन्सीला उपयोगाच्या नाहीत.

फिनमध्ये रडरची स्टीलची केबल, स्ट्रोबची वायर, ट्रिमची मोटर काय काय आहे ते आधी लिहून काढ. डायपोलला समांतर जाणारी प्रत्येक तार त्याला बिघडवते. आणि फिनच्या लेअपमध्ये (कापड-इपॉक्सीच्या थरांत) कार्बनचा एक जरी थर असेल तर आतला डायपोल विसर. कार्बन करंट नेतो, लहरी आतच अडकतात.

काचपंख
फिनची उंची १ मीटर ५ सेंटिमीटर आहे पण रडरचा पुशरॉड अ‍ॅल्युमिनियमचा आणि तो मागच्या कडेला समांतरच उभा आहे, मधलं अंतर जेमतेम १२ सेंटिमीटर. शिवाय इएलटीचा (अपघातात आपोआप सिग्नल देणाऱ्या यंत्राचा) अँटेना पण शेपटातच जाणार. काय करू?

हँगरमधला
मग कॉम पोटाखालीच राहू दे आणि शेपूट इएलटीला दे. आतला अँटेना छान असतो पण एकदा बंद केला की त्याचा जोड सुटला तर करवत घेऊनच आत जावं लागतं. माझ्याकडे तेच झालं, वर्षभराने फिनच्या आतला एक सोल्डर सुटला आणि ३ सेंटिमीटरचा जोड पकडण्यासाठी मला स्किनमध्ये खिडकी कापून परत लेअप करावं लागलं, रंगासकट. म्हणून कोणीही फिनमध्ये टाकत असेल त्याने फीड पॉइंटच्या (केबल जिथे जोडली जाते त्या जागेच्या) समोर एक छोटं झाकण ठेवाच.

काचपंख, ती आरजी-५८ काढून आरजी-४०० टाक. डबल शिल्ड, टेफ्लॉन आतून, गरम सोल्डरने वितळत नाही. आणि एसडब्ल्यूआरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नको. केबल जितकी लॉसी तितका पॅनेलकडून मोजलेला एसडब्ल्यूआर चांगला दिसतो, कारण परत येणारी लहर वाटेतच मरते. शक्यतो अँटेनाच्या बुडाशी मोज. २ ला साधारण ११ टक्के पॉवर परत येते, ३ ला २५ टक्के, म्हणजे २ च्या खाली आलास की पुढच्या दशांशासाठी झोप घालवू नकोस. मोजताना विमान हँगरच्या बाहेर मोकळ्यावर, दोन्ही सीटवर माणसं बसलेली, कॅनोपी बंद, ११८, १२७ आणि १३६ तिन्हीला.

ट्रान्सपाँडर सोपा आहे. तो १०९० मेगाहर्ट्झला बोलतो, पाव वेव्ह फक्त ७ सेंटिमीटर, त्यामुळे १५ सेंटिमीटर व्यासाची चकती हा किमान हिशोब, अँटेनाच्या कागदात मोठी मागितली असेल तर तीच धर. पण या फ्रिक्वेन्सीला केबलचा प्रत्येक मीटर महाग पडतो, लांबी कमी ठेव. तो पल्सच्या वेळी २०० वॉटच्या आसपास सोडतो, सरासरी अगदी थोडी असली तरी माणसाच्या सीटखाली लावू नकोस, ग्लास त्याला अडवणार नाही. कॉमच्या व्हिपपासून पण जमेल तितका लांब.

तांबेपट्टी
यात जीपीएसचं पण घ्या. कॉमचा व्हिप आणि जीपीएसचा पक (छोटा गोल अँटेना) जवळ असले तर ठरावीक फ्रिक्वेन्सीला ट्रान्समिट केल्यावर फिक्स (जागा सापडणं) जातो, कारण १२१.१८ चा तेरावा हार्मोनिक (तेरापट फ्रिक्वेन्सी) आणि १३१.२८ चा बारावा जवळपास जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येऊन पडतो. सगळं लावून झालं की १२१.१७५, १२१.२००, १३१.२७५ आणि १३१.३०० ला ३०-३० सेकंद पीटीटी धरून सॅटेलाइटचे बार बघ. चॅनेल रिकामं आहे याची खात्री करून आणि आधी कळवूनच.

काचपंख
मंडळी, झालं! चार पट्ट्यांची फुली टेबलावर सोल्डर करून आत चिकटवली, वायसर काढून त्याजागी ग्लासचा डबलर (मजबुतीचा जादा थर) आणि वर तांबं, केबल आरजी-४००. पहिल्या मोजणीत १२७ ला २.३ आला आणि मी हिरमुसलो. मग बघितलं तर मागची पट्टी एलिव्हेटरच्या पुशरॉडच्या बरोबर खालून त्याला समांतर जात होती. ती सोलून ३० अंशाने बाजूला घेतली. आता ११८ ला १.९, १२७ ला १.४, १३६ ला १.८. केबल मुठीत धरली तरी आकडा हलत नाही. पीटीटी दाबून मी पूर्ण एक मिनिट त्या इंधनाच्या काट्याकडे बघत बसलो, जागचा हलला नाही. हेडसेट शांत.

ट्रान्सपाँडरची चकती उद्या कापतोय, ०.८ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम. जागा सीटपासून सव्वा मीटर मागे, तिथे स्पारचा कार्बन पण लांब आहे. ही चकती थेट ग्लासवर चिकटवू की नुसती स्क्रूने दाबू?

हँगरमधला
दोन्ही. अँटेनाच्या भोवतीची जागा पॉलिश पेपरने उघडी करून तिथे इपॉक्सी अजिबात येऊ देऊ नको, मास्किंग टेपचा गोल लावून ठेव, बाकीची चकती चिकटव. अ‍ॅल्युमिनियम घासल्यावर लगेच ऑक्साइड धरतं म्हणून घासल्याच्या पाठोपाठ नट आवळून टाक, आणि भोकं चकती आणि स्किन एकत्र क्लॅम्प करून एकदमच पाड, नंतर जुळवायला गेलास तर अर्ध्या मिलिमीटरसाठी अडकशील.